बेळगाव सीमाभागात डिग्रीला आलात? सल्ला कुणाला, केव्हा आणि कसा विचारायचा

पीयूसी किंवा बारावी संपवून खानापूर, निपाणी, चंदगड, येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांतून शेकडो मुलंमुली बेळगावात कॉलेजला येतात. पहिले पंधरा दिवस फी, बसपास, हॉस्टेल आणि झेरॉक्सच्या दुकानात जातात. त्या गडबडीत विषय ठरून जातात. कसे ठरले म्हणून विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: मैत्रिणीनं घेतले, मीही घेतले.

मी इथल्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि मेंटॉर, म्हणजे बॅचची मार्गदर्शक शिक्षिका म्हणून त्यांच्याशी बोलतेही. दुसऱ्या वर्षाला जे प्रश्न रडवतात, त्यांतले पुष्कळसे पहिल्या महिन्यात एकदा विचारलं असतं तर उद्भवलेच नसते. विचारायचं कुणाला हेच कळत नाही, ही खरी अडचण. ‘अभ्यासक्रम सल्लागार’ अशी पाटी असलेली खोली आपल्याकडच्या कॉलेजांत सहसा नसते. ते काम पाचसहा माणसांत वाटलेलं असतं आणि आपण त्यांच्यापर्यंत चालत जायचं असतं.

सीमाभागातल्या मुलांपुढे आणखी एक प्रश्न असतो, जो धारवाडच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला पडत नाही. पुढचं शिक्षण आणि नोकरी कर्नाटकात की महाराष्ट्रात? बहुतेक जण हा प्रश्न शेवटच्या सेमिस्टरपर्यंत पुढे ढकलतात. माझं सांगणं एवढंच की तो पहिल्या सेमिस्टरलाच स्वतःला आणि जाणत्या माणसाला विचारा. उत्तर पक्कं नसलं तरी चालेल. कुठले विषय, कुठली भाषा, कुठले दाखले, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं.

पहिली पायरी: आपण कुठल्या विद्यापीठात आहोत ते समजून घ्या

साधी वाटते, पण इथेच गोंधळ होतो. बेळगावातली कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची बहुतेक कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी भूतरामनहट्टीला कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. इंजिनिअरिंगची बहुतेक कॉलेजं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखाली (व्हीटीयू) येतात. १९९८ पासूनच्या या विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या मच्छेतच आहे. कारवार, हल्याळ, जोयडाकडच्या डिग्री कॉलेजांना धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ लागतं. काही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत. त्यांची परीक्षा आणि निकाल कॉलेजच पाहतं, पदवी विद्यापीठाची मिळते. म्हणजे मार्कांची तक्रार घेऊन विद्यापीठात जायचं की कॉलेजच्या परीक्षा विभागात, हे यावर ठरतं.

निपाणीकरांची गोष्ट आणखी वेगळी. शहरातलं बागेवाडी कॉलेज कर्नाटकात आणि शहराला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. एकाच गल्लीतली दोन मुलं दोन राज्यांच्या नियमांनी शिकतात. शेजारच्या दादानं दिलेला सल्ला म्हणूनच तपासून घ्या. तो त्याच्या विद्यापीठापुरता बरोबर असेल, तुमच्यासाठी नसेल.

सध्या हा फरक फार मोठा झाला आहे. कर्नाटकात २०२१-२२ ला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ऑनर्सची सोय आली. २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी राज्य सरकारनं ती थांबवली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात त्याच वर्षापासून राष्ट्रीय धोरण सगळ्या संलग्न कॉलेजांत सुरू झालं. तिकडे तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. तीन वर्षांची पदवी असेल तर एमए, एमकॉम, एमएस्सी दोन वर्षांचं. चार वर्षांची असेल तर एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण करता येतं, आणि ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीच्या प्रवेशासाठीही पात्रता मिळते. कुठलं बरं, हे मी सरसकट सांगणार नाही. घरची परिस्थिती अशी असेल की तीन वर्षांनी कमावणं भाग आहे, तर तीन वर्षांची पदवी काही कमी नाही. संशोधनाकडे ओढ असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागेल.

दुसरी पायरी: कोण काय सांगू शकतं

आधी तुमचा मेंटॉर शोधा. इंजिनिअरिंगला त्याला प्रॉक्टरही म्हणतात. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात कॉलेजला मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण दाखवावं लागतं, म्हणून मेंटॉरची यादी कॉलेजात असतेच. नोटीस बोर्डावर दिसली नाही तर विभागात विचारा: ‘मॅडम, आमच्या बॅचचे मेंटॉर कोण?’ नाव कळल्यावर त्याच आठवड्यात जाऊन ओळख करून द्या. काम नसताना गेलेला विद्यार्थी शिक्षकाच्या लक्षात राहतो.

मेंटॉर विषयांची निवड, अभ्यास, हजेरी, मन न लागणं यांबद्दल बोलेल. विषय बदलणं, प्रॅक्टिकलची बॅच बदलणं, प्रोजेक्ट हे विभागप्रमुखांच्या हातात. परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, मार्कलिस्टमधली चूक यांसाठी परीक्षा विभाग. शिष्यवृत्तीचं सगळं ऑफिसातल्या त्या एका टेबलावर. आणि ग्रंथपाल! त्यांना कुणी विचारत नाही, पण मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मराठीतली संदर्भपुस्तकं, स्पर्धा परीक्षेचं कपाट, सगळं त्यांना ठाऊक असतं.

सीनियरला जरूर विचारा, पण कुठला मास्तर कसा शिकवतो, कुठल्या पुस्तकातून अभ्यास केला, एवढंच. नियम त्याला विचारू नका. नियम दर दोन वर्षांनी बदलतात आणि त्याला त्याच्या वर्षाचेच माहीत असतात.

तिसरी पायरी: प्रश्न घेऊन जा

‘सर, मी पुढे काय करू?’ या प्रश्नाला कुठलाही शिक्षक तास संपायच्या घाईत काहीतरी सांगून मोकळा होतो. तोच प्रश्न असा विचारा: ‘सर, मला बीएड करून हायस्कूलला शिकवायचंय. मी इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी घेतलंय. बीएडला यातल्या कुठल्या विषयाची अध्यापन पद्धत मिळेल आणि विषय बदलायची शेवटची तारीख काय?’ आता सरांना खरं उत्तर द्यावंच लागतं. ठाऊक नसलं तर ते विचारून सांगतील.

एका वहीत तीन गोष्टी लिहून न्या: सध्या काय शिकतोय, पुढे काय करायचं डोक्यात आहे, आणि आज नेमकं काय हवंय. मार्कलिस्टची झेरॉक्स सोबत ठेवा. मिळालेलं उत्तर तारखेसकट त्याच वहीत लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्यानं वेगळं सांगितलं तर ती वही कामी येते.

ज्या उत्तरावर तुमचं वर्ष अवलंबून आहे, ते तोंडी घेऊन थांबू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. बिचकू नका, यात कुणाचा अपमान नाही. ऑफिस असंच चालतं.

भाषेचं म्हणाल तर शिक्षक बहुतेक मराठी समजतात. विद्यापीठाच्या कचेरीत मात्र कन्नड किंवा इंग्रजीच चालतं. अर्ज इंग्रजीत लिहा, साधी चार वाक्यं पुरतात. काउंटरवर ‘सर, स्वल्प हेळ्री’ (सर, जरा सांगा) म्हणून सुरुवात केली की समोरचा माणूस मऊ होतो, पुढचं मोडक्यातोडक्या कन्नडात निभावतं. यात कमीपणा वाटून घेऊ नये. आपली भाषा जपणं आणि शेजारची भाषा बोलता येणं यांत भांडण नाही.

चौथी पायरी: विषय आणि भाषा निवडताना

इथे घाई करू नका, कारण पुढचे रस्ते इथेच उघडतात नाहीतर बंद होतात. गणितात एमएस्सी करायचं असेल तर पदवीला गणित हवंच. बीएडला पदवीचे विषय बघतात. जे कॉलेज मराठी हा भाषाविषय शिकवतं तिथे तो घेता येतो, पण ‘आहे’ आणि ‘यंदा शिकवायला शिक्षक आहेत’ या दोन वेगळ्या गोष्टी. प्रवेशाआधी दुसरी गोष्ट विचारा. पुढे एमए मराठी करायचं मनात असेल तर राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे. कोल्हापूर हा दुसरा पर्याय.

कन्नडकडे पाठ फिरवू नका, हे मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगते. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नड भाषेचा सक्तीचा पेपर असतो. तीन वर्षं कन्नड टाळून शेवटी त्या पेपरावर अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. इंजिनिअरिंगला व्हीटीयूत सोय आहे: कन्नड येणाऱ्यांसाठी ‘सांस्कृतिक कन्नड’, न येणाऱ्यांसाठी रोजच्या वापराचं ‘बळके कन्नड’. आपल्याला कुठलं झेपेल ते प्रामाणिकपणे ठरवा आणि फॉर्मवर तेच आलंय का ते बघा.

आता क्रेडिट. आठवड्याला एक तास लेक्चर, सेमिस्टरभर, म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे आठवड्याला चार तास शिकवणं, आणि त्याहून जास्त घरचा अभ्यास. दोन क्रेडिटच्या पेपरासाठी रात्री जागून चार क्रेडिटच्या पेपराला राहणारी मुलं हा हिशेब न बघितल्यामुळे फसतात, कारण सीजीपीए, म्हणजे गुणांची एकूण सरासरी, क्रेडिटच्या वजनानं निघतो.

पाचवी पायरी: पाऊस, लावणी आणि हजेरी

डिग्रीला साधारण ७५ टक्के हजेरी लागते. व्हीटीयूत ८५ टक्के, आणि योग्य कारण असेल तरच त्यात थोडी सूट. एका पेपराची साठ लेक्चर्स धरली तर ७५ टक्क्यांना पंधराच्या वर बुडवता येत नाहीत.

खानापूर तालुक्यात जुलैला भाताची लावणी असते. कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस असा लागतो की ओढ्याला पाणी आलं की गाडी येत नाही. घरात माणसं कमी असतील तर मुलगा लावणीला राहणारच, मुलगी चुलीपाशी राहणारच. हे कुणी चुकीचं म्हणत नाही. पण गैरहजर राहून मग सांगण्यापेक्षा आधी मेंटॉरला सांगा. आठवडाभरात अर्ज द्या, आजारपण असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा. नोव्हेंबरात हॉल तिकीट अडकल्यावर जुलैचं कारण सांगितलं तर शिक्षकालाही काही करता येत नाही.

प्रॅक्टिकलची बॅच संध्याकाळची आली आणि गावाची शेवटची बस त्याआधी सुटत असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत विभागप्रमुखांना भेटा. बसची वेळ अर्जात लिहा. तेव्हा बॅच बदलणं सोपं असतं, नंतर याद्या पक्क्या होतात.

सहावी पायरी: नाव, खातं, पोर्टल

मला सगळ्यात जास्त काळजी या गोष्टीची वाटते, कारण इथे हुशारी कामाला येत नाही. आधारवर एक नाव, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्ककार्डावर दुसरं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, कुठे कन्नडातून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदललेलं. कर्नाटकातल्या डिग्री कॉलेजांचे प्रवेश, परीक्षा फॉर्म आणि निकाल यूयूसीएमएस पोर्टलवर असतात. शिष्यवृत्ती एसएसपी पोर्टलवर. क्रेडिट जमा होण्यासाठी अपार आयडी. तिन्हींचं मूळ आधार आहे. नावं जुळली नाहीत की कुठेतरी अडतंच.

म्हणून पहिल्याच महिन्यात आधार, दहावीचं मार्ककार्ड, बँक पासबुक आणि जातीचा दाखला शेजारीशेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून बघा. बदल शक्यतो आधारमध्ये करा. दहावीचं मार्ककार्ड बदलायला शाळेमार्फत बोर्डाकडे जावं लागतं आणि वेळ लागतो. बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलंय का, आणि सरकारी पैसे याच खात्यात येतील का, हे दोन्ही विचारा. ही जोडणी नसल्यामुळे मंजूर झालेली शिष्यवृत्ती खात्यात येत नाही.

शेतकऱ्याच्या मुलांसाठी रैत विद्यानिधी ही शिष्यवृत्ती आहे. २०२१ मध्ये योजना आली तेव्हा बीए, बीकॉम, बीएस्सीला मुलांना वर्षाला ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये ठरले होते. यंदा ती चालू आहे का, रक्कम आणि तारीख काय, हे शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारा. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून मिळतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

सातवी पायरी: महाराष्ट्रात जायचं असेल तर

महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशप्रक्रियेत ‘टाइप ई’ नावाचा उमेदवारीचा प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या किंवा महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून महाराष्ट्राचे उमेदवार मानतात. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा, असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. नमुना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या. सरकारी भरतीतही महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देऊन अर्ज करता येतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे आत्ताच बघून ठेवा.

जातीच्या दाखल्याबद्दल मात्र गृहीत काही धरू नका. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३ बी प्रवर्गात येतो, महाराष्ट्राचे प्रवर्ग वेगळे. इकडचा दाखला तिकडे आरक्षणाला चालेल असं समजून फॉर्म भरू नका, आधी प्रवेश केंद्रावर विचारा. उलट बाजूही आहे. कर्नाटकच्या सीईटीत राज्यात किती वर्षं शिकलात ते मोजतात. नेहमीच्या नियमाला पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं इथली लागतात, आणि दहावी किंवा बारावी इथून पास झालेली. सीमेपलीकडे शाळा झालेल्यांनी ती वर्षं आधी मोजावीत.

शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात गेलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलतानाचा दाखला) आणि तिथली पात्रतेची प्रक्रिया लागेल. ती राहिली तर परीक्षेच्या तोंडावर निकाल रोखला जातो.

विषय राहिला तर

निकाल लागला त्याच दिवशी फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या तारखा बघा. मुदत थोडी असते. फोटोकॉपी आली की ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. शिक्षक म्हणाले की मार्क बरोबर आहेत, तर ते पैसे पुढच्या परीक्षेच्या फीला ठेवा. मग मेंटॉरकडे जाऊन तीन गोष्टी ठरवा: किती विषय राहिले तर पुढच्या वर्षाला जाता येत नाही, राहिलेला पेपर पुन्हा कधी आहे, आणि तोवर चालू सेमिस्टरचं काय. व्हीटीयूत अंतर्गत गुणांनाच किमान मर्यादा आहे. ५० पैकी २० नसतील तर त्या विषयाच्या मुख्य परीक्षेलाच बसता येत नाही. तिथे परीक्षेनंतर धावपळ करून उपयोग नसतो, पहिल्या इंटर्नलनंतरच भेटा.

घरी सांगायची भीती वाटते हे मला ठाऊक आहे. आईवडील शेतावर किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात राबून फी भरतात, त्यामुळे तोंड उघडवत नाही. अशा वेळी मेंटॉरला सांगा, ‘मॅडम, बाबांशी तुम्ही बोलाल का?’ आम्ही बोलतो. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीच्या क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२.

कॉलेज ऐकूनच घेत नसेल तर प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार तिनं पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. शिक्का मारलेली ती दुसरी प्रत इथे लागते.

शेवटच्या वर्षी

पाचव्या सेमिस्टरपासूनच शिक्षकांना शिफारसपत्राबद्दल सांगून ठेवा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. सगळ्या सेमिस्टरची मार्ककार्डं एकत्र करून नाव आणि बैठक क्रमांक तपासा. एखादं हरवलं असेल तर दुसरी प्रत काढायला वेळ लागतो. टीसी आणि मायग्रेशन हातात आलं की कुठेही जमा करण्याआधी स्कॅन करा आणि चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. नवीन कॉलेज मूळ प्रत ठेवून घेतं आणि नंतर ती परत मागायला पुन्हा बेळगाव-कोल्हापूर एसटीच्या फेऱ्या घालाव्या लागतात.